रोपवाटिका आणि आक्रमक वनस्पती-रोगकारक : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : रोगकारक, रोपवाटिका, साग, कडुनिंब, केळी, विलगीकरण

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर परिसरात सागाची नैसर्गिक जंगले आहेत. लातूर जिल्हा मात्र राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत मोडतो. एका जिल्ह्यात असलेले वन राखणे व दुसऱ्यात नसलेले वन उभे करणे, ही दोन्ही कामे अखेर रोपवाटिकेवर अवलंबून आहेत. महाराष्ट्र शासनाच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१९ या एका वर्षासाठी ३३ कोटी वृक्षांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोपे गावोगाव जातात तेव्हा त्यांच्यासोबत रोगही प्रवास करू शकतो. हा प्रवास कसा होतो व तो कोठे अडविता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आक्रमक रोगकारक : संकल्पना
एखादी बुरशी, जिवाणू किंवा विषाणू आपल्या जुन्या प्रदेशाबाहेर जाऊन तेथील वनस्पतींत वेगाने पसरू लागला, तर त्यास आक्रमक रोगकारक म्हणतात. मूळ प्रदेशात यजमान वनस्पती व रोगकारक दीर्घकाळ एकत्र राहिलेले असल्याने त्यांच्यात बहुधा एक समतोल असतो. नव्या प्रदेशात तो नसतो. रोगाच्या प्रसाराचे मार्ग निरनिराळे आहेत. या भागातील लोकांच्या परिचयाच्या तीन वनस्पतींवरून ते स्पष्ट होतात.

१. साग : वाऱ्याचा मार्ग
सागाच्या पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी-पिवळी भुकटी दिसते. हा ऑलिव्हिया टेक्टोनी या बुरशीमुळे होणारा तांबेरा होय. भारतात हा रोग जुना असून मोठ्या झाडास त्यापासून सहसा धोका नसतो. परंतु रोपवाटिकेतील कोवळ्या रोपांची पाने अकाली गळून त्यांची वाढ खुंटते. आशिया खंडातील हीच बुरशी २००३ मध्ये पनामात व २००९ मध्ये ब्राझीलमध्ये सागाच्या लागवडीवर आढळली. म्हणजेच आपल्याकडील परिचित रोग तेथे आक्रमक ठरला. तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात. एकदा ते हवेत गेले की त्यांना अडविणे मानवाच्या हाती राहत नाही.

२. कडुनिंब : बियांचा मार्ग
मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर व घराच्या अंगणात कडुनिंब आढळतो. फोमोप्सिस अझाडिराक्टी या बुरशीमुळे त्याचे शेंडे वाळतात, फुलोरा करपतो व फळे सडतात. या बुरशीचे वर्णन १९९७ मध्ये कर्नाटकातील नमुन्यांवरून करण्यात आले. २०२१ मध्ये तेलंगणात मोठ्या प्रमाणावर कडुनिंब वाळल्याचे दिसून आले. नांदेडची किनवट, धर्माबाद, बिलोली व देगलूर ही तालुक्यांची रांग त्याच राज्याच्या सीमेवर आहे. वाळलेल्या अनेक झाडांना पुन्हा पालवी फुटते, ही दिलासा देणारी बाब होय. मात्र ही बुरशी बियांतून पुढच्या पिढीत जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे. रोगट झाडाखालील निंबोळ्या वेचून रोपे तयार केल्यास उगवण घटते व रोगाचाही प्रसार होतो.

३. केळी : कंदाचा मार्ग
केळी हा वनवृक्ष नाही; परंतु लागवडीच्या साहित्यातून रोग कसा पसरतो, याचे ते ठळक उदाहरण आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. केळीवरील पर्णगुच्छ (बंची टॉप) या विषाणुजन्य रोगाची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिजी बेटांवर झाली. तेथून तो अन्य देशांत गेला व १९४० मध्ये श्रीलंकेमार्गे केरळात आला. रोगट झाडाची पाने अरुंद व ताठ होऊन शेंड्याशी गुच्छासारखी जमतात व झाड सहसा घड देत नाही. शेतात मावा हा रोग पसरवितो. दूरच्या गावी मात्र तो रोगट कंद व मुनव्यांतून पोहोचतो. यावर औषध नसल्याने रोगट झाड समूळ नष्ट करणे हाच उपाय उरतो.

कायदा व प्रमाणीकरण :
परदेशातून येणाऱ्या रोपांवर नियंत्रण ठेवण्यासाठी भारतात १९१४ चा विनाशक कीटक व पीडक अधिनियम असून त्याखाली २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश निघाला. ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. तिच्यात मातृवृक्षाची विषाणूचाचणी महत्त्वाची असते. कारण एका रोगट मातृवृक्षापासून हजारो रोगट रोपे तयार होऊ शकतात. मात्र खेडोपाडी होणारी मुनव्यांची देवाणघेवाण व स्थानिक पातळीवर गोळा केलेले बी यांवर कोणताही शिक्का नसतो.

रोपवाटिकेतील दक्षता :
बी निरोगी झाडांवरूनच गोळा करावे व ते कोठून आणले याची नोंद ठेवावी. बाहेरून आणलेली सागजडी व रोपे काही आठवडे इतर रोपांपासून वेगळी ठेवावीत. रोपांची दाटी टाळावी, पिशव्यांत पाणी साचू देऊ नये व गळालेली पाने वेचून नष्ट करावीत. छाटणीची कात्री दर वेळी निर्जंतुक करावी. लक्षणे दिसणारी रोपे कमी दराने विकण्याऐवजी जागीच नष्ट करावीत. यांपैकी कोणत्याही उपायास मोठा खर्च येत नाही. सातत्य मात्र लागते.

समारोप :
वारा, बी व कंद या तीन मार्गांपैकी वाऱ्यावर मानवाचे नियंत्रण नाही. बी व कंद मात्र माणसाच्या हातून जातात व ते हात रोपवाटिकेत असतात. लावलेल्या रोपांची संख्या मोजण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. त्यांपैकी निरोगी रोपे किती, हे मोजण्याची पद्धतही रूढ झाली पाहिजे. लातूरसारख्या जिल्ह्यात दुष्काळात जगविलेले प्रत्येक रोप मोलाचे असते. ते रोगासह लावले गेले, तर पाणी व श्रम वाया जातातच. शिवाय शेजारचे निरोगी झाडही धोक्यात येते.