निवृत्तीनंतर पोकरचा अभ्यास : सुरुवात कुठून करावी?

मंडळी, निवृत्तीनंतर मी टेक्सास होल्डेम पोकरचा रीतसर अभ्यास करतोय. डोक्याला असा खुराक क्वचितच मिळतो! नव्याने बसणाऱ्यांसाठी चार गोष्टी :

♠ पहिले दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदाच येते. त्यामुळे बहुतेक वेळा पत्ते टाकून देणं, हा पहिला धडा.

♥ समजा, फ्लशसाठी (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) तुमचे दोन आणि टेबलावरचे चार मिळून चार बदाम जमलेत आणि शेवटचा पत्ता उघडायचाय. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे शक्यता जेमतेम २० टक्के.

♦ याच डावात मध्ये १०० चिप्स आहेत, समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० टाकल्या की एकूण २००. म्हणजे किमान २५ टक्के शक्यता हवी. बदाम आल्यावर आणखी चिप्स मिळतील असं वाटत नसेल, तर सोडा.

♣ डाव संपला की वहीत लिहा : निर्णय बरोबर होता का? हारजीत नंतर. सोबतीला डेव्हिड स्क्लान्स्की यांचं ‘द थिअरी ऑफ पोकर’ सावकाश वाचा.

लास वेगासला १९७० पासून भरणाऱ्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळी स्पर्धा असते, म्हणजे वयाची अडचण नाही! आपल्याकडे मात्र २०२५च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणली आहे. पेन्शनला हात लावू नका. मित्र जमवा, चिंचोके वाटा आणि पत्ते पिसा. शिकण्यासाठी एवढं पुरेसं आहे.