प्लेटलेट्सना गारठा सोसत नाही

पावसाळा ओसरू लागला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि प्लेटलेट्ससाठी नातेवाइकांची धावाधाव सुरू होते. रक्तपेढीत ‘शिल्लक नाहीत’ असं ऐकलं की जीव कासावीस होतो. पण या पेशींचा साठा करून ठेवताच येत नाही. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये महिनाभर सहज टिकतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस, त्याही 20 ते 24 अंशांवर, सतत हलत्या फळीवर.

गारठ्यात त्यांचा चपटा आकार जाऊन त्या गोल होतात आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर झपाट्याने नष्ट होतात. म्हणून ज्या रक्तातून त्या काढायच्या, ते फ्रिजमध्ये ठेवायचंच नाही. आपल्या नियमांनुसार सहा तासांत काम उरकावं लागतं. दूरच्या गावातल्या शिबिराची गाडी संध्याकाळी उशिरा पोहोचली, तर त्या पिशव्यांतल्या प्लेटलेट्स वाया जातात. मला याचीच हळहळ वाटते.

आपल्याकडच्या रूढ पद्धतीत सेंट्रिफ्यूजमध्ये आधी हलका फेरा देतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा पिवळसर, प्लेटलेट्सनी भरलेला प्लाझ्मा जोडपिशवीत घेतात. मग जोराचा फेरा. आता प्लेटलेट्स पिशवीच्या तळाला घट्ट चिकटतात. लगेच हलवलं तर गुठळ्या राहतात, म्हणून पिशवी तासभर तशीच ठेवतात. युरोपात क्रम उलटा आहे: जोराचा फेरा आधी. प्लेटलेट्स तांबड्या पेशींच्या गादीवर अलगद थांबतात, तो पांढुरका थर म्हणजे बफी कोट. चार-पाच दात्यांचे थर एकत्र करून हलका फेरा देतात. यात पेशींना इजा कमी होते, म्हणून मला हीच पद्धत उजवी वाटते.

पिशवी देण्यापूर्वी तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून हलकेच हलवतात. आत झळाळती वलयं फिरली, तर पेशी अजून चपट्या, म्हणजे धडधाकट आहेत.

तिसरी वाट अफेरेसिसची. यंत्र दात्याच्या रक्तातून फक्त प्लेटलेट्स काढून घेतं, बाकीचं रक्त परत देतं. तास-दीड तासात एकाच दात्याकडून साध्या पाच-सहा पिशव्यांइतक्या प्लेटलेट्स मिळतात. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात मिसळलेल्या सायट्रेटमुळे ओठांभोवती मुंग्या येतात, त्यावर कॅल्शियमची गोळी पुरते. 48 तासांनंतर पुन्हा देता येतात. मात्र गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल, तर त्या दात्याच्या प्लेटलेट्स घेत नाहीत. त्या गोळीने त्यांची एकमेकींना चिकटण्याची ताकद जाते.