शिक्क्याची साक्ष : रॉकेटयुगाची टपाल पाकिटे

अवकाशयुगाचा इतिहास जसा प्रयोगशाळांच्या नोंदवह्यांत जपला गेला, तसाच तो टपालाच्या पाकिटांवरही उमटला. मात्र तो वाचण्यासाठी पाकिटावरील तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. तिकीट ही टपालखर्च भरल्याची खूण असते, प्रसंगानिमित्त पाकिटाच्या डाव्या बाजूस छापलेल्या चित्राला संग्राहक ‘कॅशे’ म्हणतात, आणि टपाल कार्यालयाचा शिक्का ते तिकीट रद्द करताना ठिकाण व तारीख नोंदवतो. चित्र मागाहूनही छापता येते, तिकीट विकत मिळते. म्हणून पाकिटाचा खरा साक्षीदार शिक्काच होय.

भारतात ही परंपरा उपग्रहांहून जुनी आहे. कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांनी ३० सप्टेंबर १९३४ रोजी जहाजावरून सागर बेटाच्या दिशेने पत्रे भरलेले रॉकेट सोडले. ते हवेतच फुटले, तरी विखुरलेली बहुतेक पत्रे हाती लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी सिक्कीममध्ये, तेथील राजे ताशी नामग्याल यांच्या पाठिंब्याने, नदीपलीकडे टपाल व लहान पार्सले पोहोचवण्याचे प्रयोग केले. आकाशातून खरोखर प्रवास करून आलेली ही पाकिटे आज दुर्मीळ मानली जातात, आणि स्मिथ यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने १९९२ मध्ये तिकीटही काढले.

स्मिथ यांची रॉकेटे दारूकामातील बंदुकीच्या दारूवर उडत असत. या दारूत कोळसा व गंधक जळतात आणि ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातीलच सोरा पुरवतो. इंधन व प्राणवायूचा स्रोत एकाच घन मिश्रणात असण्याचे हेच तत्त्व, अधिक शक्तिशाली रसायने रबरासारख्या बंधकात घट्ट बांधून, भारताच्या एसएलव्ही-३ या चार टप्प्यांच्या रॉकेटात वापरले गेले. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांचे मोलाचे कार्य याच घन इंधनाच्या क्षेत्रातले आहे.

उपग्रहांच्या काळात पत्रे बहुधा जमिनीवरच राहिली आणि शिक्क्याचे महत्त्व वाढले. उड्डाणाच्या दिवशी प्रक्षेपण केंद्राजवळच्या टपाल कार्यालयात शिक्का घेतलेले ते ‘उड्डाण पाकीट’, तर नवे तिकीट विक्रीस येते त्या दिवसाच्या शिक्क्याचे ते ‘प्रथम दिवस आवरण’. या दोहोंत गल्लत करणे ही नवख्या संग्राहकाची नेहमीची चूक आहे. ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून सोडला गेला, परंतु त्याचे २५ पैशांचे तिकीट निघाले २० एप्रिलला. त्यामुळे या तिकिटावर १९ तारखेचा भारतीय शिक्का दिसला, तर शंका घेणेच योग्य ठरते. एसएलव्ही-३ ने ‘रोहिणी’ उपग्रह १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेला, आणि तिकीट आले बरोबर एका वर्षाने, १८ जुलै १९८१ रोजी. येथे दिवस व महिना जुळतो, वर्ष मात्र बारकाईने पाहावे लागते.

हा अभ्यास महानगरांतील लिलावांपुरता मर्यादित नाही. कागलसारख्या गावात जुनी पत्रे तारेला ओवून ठेवण्याची रीत होती, आणि अशा एखाद्या तारेवर आर्यभटाचे तिकीट लावलेले साधे घरगुती पत्रही सापडू शकते. पाठवणाऱ्या गावाचा शिक्का पुढे आणि कागलच्या टपाल कार्यालयात पत्र पोहोचल्याचा शिक्का मागे असेल, तर उपग्रहाची वार्ता कोणत्या वाटेने व किती दिवसांत घरापर्यंत आली, हे ते पत्र स्वतःच सांगते. वहीत चिकटवण्यासाठी तिकीट कापून घेतले की ही साक्ष कायमची पुसली जाते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडले की शिक्का वाचता येईनासा होतो. म्हणून असे पत्र अखंड आणि कोरड्या जागी ठेवणे, हीच संग्रहाची पहिली पायरी होय; तारेने पडलेले भोकसुद्धा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे.