झाकली मूठ सव्वा लाखाची



गेल्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. गट ऑफिसचे काम आटोपून आम्ही बाजारात गेलो आणि नेहमीच्या गाड्यावर गरमगरम भजी घेतली. भजी संपली, हात पुसायला कागद उलटा केला, तर कागदावरून एक ओळखीचा चेहरा आमच्याकडे बघत होता! आपल्याच एका जुन्या सभासदाच्या आधार कार्डाची ती झेरॉक्स. नाव, जन्मसाल, पत्ता, बाराच्या बारा आकडे आणि खाली सहीशेजारी मोबाईल नंबर. तेलाने कागद भिजला होता, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते.

कागद घडी करून खिशात टाकला. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिले, तर वरच्या कोपऱ्यात आपल्याच गट ऑफिसचा आवक शिक्का! म्हणजे ऊस नोंदीच्या वेळी घेतलेली ती प्रत. जुन्या फायली रद्दीत गेल्या, रद्दी भज्याच्या गाड्यावर गेली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हते. पण व्हायचे ते झाले.

दुसऱ्या दिवशी त्या सभासदांच्या वस्तीवर गेलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो भाऊसाहेब, माझ्याकडं लपवण्यासारखं हाय काय? चार एकर ऊस आन् दोन म्हशी. चोरानं न्यायचं तरी काय?"

असे म्हणणारे ते एकटे नाहीत. म्हणून या अंकात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आम्ही ठरवले.

अंगठा कालचा आणि आजचा

घरात चोरीचा माल नसला तरी रात्री आपण दाराला कडी लावतोच ना? तसेच हे आहे. आधारचा नंबर म्हणजे नुसता नंबर नाही. गावात बँकेचा प्रतिनिधी छोटे यंत्र घेऊन बसतो. त्याच्याकडे आधार नंबर, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा दिला की पैसे मिळतात. पिन नाही, ओटीपी नाही. म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण सोय जशी आपल्याला, तशी चोरालाही.

ठसा चोरतात कसा, असे कोणी विचारील. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठे पाहून रबराचे ठसे बनवले गेले आणि त्या ठशांवर परस्पर मोबाईलची सिम कार्डे चालू केली गेली. पुढे इतर राज्यांतही अशाच बनावट ठशांनी लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. आता बघा, जमिनीचे खरेदीखत आपल्यापैकी कितीजणांनी केले आहे? चार एकरवाल्याकडे चोराने न्यायचे काय, याचे उत्तर इथे आहे. उसाचे बिल ज्या दिवशी खात्यावर जमा होते, त्या दिवशी चार एकरवालाही चोराच्या दृष्टीने सावकारच असतो.

अंगठ्याने फसण्याचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, ते मुख्यतः कर्जखते हस्तगत करून जाळण्यासाठी. खतात काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नव्हते आणि कागद मात्र कायमचा सावकाराच्या पेटीत. त्या दंग्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हावा अशी सोय त्यात ठेवली. मुद्दा एवढाच की, कशावर अंगठा देतो आहोत ते देणाऱ्याला कळले पाहिजे.

मोबाईल काय काय मागतो?

आज कागदाची जागा मोबाईलने घेतली आहे. नवीन ॲप घेतले की तो विचारतो, फोनमधले नंबर पाहू का? फोटो पाहू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? आणि आपण वाचतो का? मुलगा म्हणतो, "दाबा हो आबा, सगळे दाबतात." आपण दाबतो. हा कोऱ्या कागदावरचा अंगठाच झाला की नाही?

रात्रपाळीच्या लाईटला दारे धरायला जाताना उजेड हवा म्हणून आमच्या एका शेजाऱ्याने बॅटरीचे ॲप घेतले. त्या ॲपला त्यांच्या पाहुण्यारावळ्यांचे नंबर हवे होते! उजेड पाडायला पाहुण्यांचे नंबर कशाला? खरे तर बॅटरी फोनमध्ये मुळातच असते, वेगळे ॲप घ्यायचे कारणच नाही. "फुकट ते पौष्टिक" ही म्हण इथे लागू पडत नाही. फुकट ॲपवाल्याचे पोट कुठून तरी भरतच असते. पुष्कळदा ते आपल्या माहितीवर भरते.

फसवे कर्ज देणारे ॲप तर याहून वाईट. दोन-पाच हजारांची उचल देतात, पण फोनमधले सगळे नंबर आणि फोटो आधी उचलतात. हप्ता चुकला की सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून बदनामी करतात. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला आणि फायलींना हात लावू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच केला आहे. म्हणून जे ॲप कर्जासाठी तुमचे नंबर मागते, ते तिथेच काढून टाका.

लग्नसराईत आणखी एक ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती पत्रिका नव्हे, ते ॲप असते. उघडून बसवले की तुमचे मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ शकतात. खऱ्या यजमानाला फोन करून विचारायला काय हरकत आहे?

मग काय, फोन फेकून द्यायचा?

छे! तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. काट्यावर गाडी उतरली की टनेज मोबाईलवर येते, बिलाचा मेसेज येतो, शेतकरी ओळख क्रमांक काढला की योजनांचे काम होते. हे सोडून जुन्या काळात कोण जाईल? आमचे म्हणणे एवढेच, की कामापुरती माहिती द्यावी. आपण काट्यावर वजन बघितल्याशिवाय मोळी सोडत नाही, मग माहिती तरी न मोजता का सोडावी? कोणी काही मागितले की तीन प्रश्न विचारा. कशाला पाहिजे? एवढी कशाला पाहिजे? काम झाल्यावर कुठे ठेवणार?

काही गोष्टी तर आजच्या आज करता येतील.

१. पूर्ण आधारऐवजी झाकलेले आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट काढता येते. झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवे लिहा, "फक्त अमुक कामासाठी", आणि तारीख घाला.

२. बोटांच्या ठशांना कुलूप लावा. आधारच्या ॲपवर, संकेतस्थळावर किंवा आधार केंद्रावर ते होते. १९४७ या नंबरवर चौकशी करता येते. मात्र रेशनला किंवा इतर कामाला अंगठा लागतो, तेव्हा कुलूप काढावे लागते. हा त्रास आहे खरा, पण कडी काढायचाही त्रास असतोच.

३. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचे पान उघडा. कोणत्या ॲपला काय दिले आहे ते तिथे दिसते. नको ते बंद करा. एखादे काम अडले तर पुन्हा चालू करता येते.

४. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर कागद पाठवला, तर प्रिंट झाल्यावर तो आपल्यासमोर पुसायला लावा.

५. दुकानदार बिलासाठी मोबाईल नंबर मागतो. नको असेल तर देऊ नका. ग्राहकावर अशी सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ साली दुकानदारांना कळवले आहे.

६. पैसे गेलेच, तर लाज बाळगू नका, उद्यावर ढकलू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा.

कायदा आपल्या बाजूचा आहे

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाली. या योजनेला २०१२ साली न्यायालयात आव्हान दिले ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी. ते निवृत्त होते, वय ऐंशीच्या पुढे गेलेले. त्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो चार एकरवाल्यालाही तेवढाच आहे. पुढे २०१८ साली आधार योजना न्यायालयाने कायम ठेवली, पण बँक खाते आणि सिम कार्ड यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द केली.

२०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची तरतूद आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगावे लागेल, आणि ते मराठीतून वाचायचा पर्याय द्यावा लागेल. दिलेली संमती परत घेता येईल. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि आपले काय?

लोका सांगे ब्रह्मज्ञान असे होऊ नये. भज्याचा तो कागद आम्ही कार्यकारी संचालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्याच दिवशी सर्व गट ऑफिसांना आदेश काढले. यापुढे ऊस नोंदीला झाकलेले आधार चालेल. जुन्या प्रती कुलपाच्या कपाटात राहतील. मुदत संपलेले कागद रद्दीत न जाता, दोन जबाबदार माणसांसमोर बॉयलरमध्ये जातील. सभासदांचे खाते नंबर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची पद्धत बंद केली आहे.

दोन गट ऑफिसांत अजून कपाटे पोहोचलेली नाहीत, हेही इथे सांगून टाकतो. तोवर तुमचा कागद कुठे ठेवला आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कर्मचारी कुरकुरला तर आम्हाला कळवा.

परवा खोडव्याच्या नोंदीला ते आपले जुने सभासद आले होते. कारकुनाने सवयीने हात पुढे केला, "आबा, आधार द्या." आबांनी कागद खिशातून काढला, पण दिला नाही. आधी विचारले, "कशाला पाहिजे?" कारकून जरा चपापला. मग खुर्ची पुढे ओढून त्याने नीट समजावून सांगितले. आबांनी ऐकून घेतले, झेरॉक्सवर "फक्त ऊस नोंदीसाठी" असे स्वतःच्या हाताने लिहिले, तारीख घातली आणि मगच कागद टेबलावर ठेवला.

सभासदांनो, पुढच्या नोंदीला तुम्हीही असेच विचारा. आम्हाला राग येणार नाही.

– संपादक मंडळ