पडद्यावरच्या पागेत लामार्क

घोडी गाभण राहिल्यापासून शिंगरू जमिनीवर यायला साधारण अकरा महिने लागतात. ‘हाऊर्स’ नावाच्या ऑनलाइन खेळात हेच काम पाच-सहा दिवसांत उरकतं, कारण तिथला घोडा रोज दोन महिन्यांनी मोठा होतो. आऊलियंट नावाच्या कंपनीने २००५ साली फ्रान्समध्ये हा खेळ सुरू केला. २०११ मध्ये युबिसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. खेळाडूने पागा सांभाळायची असते. चारा-पाणी, खरारा, मग दम, वेग, दुडकी, चौखूर धाव, उडी आणि ड्रेसाज अशा सहा अंगांचा सराव, त्यानंतर स्पर्धा, आणि शेवटी चांगली जोडी पाहून घोडी भरवायची. चित्रं गोंडस असल्यामुळे पुष्कळजण त्याला लहान मुलींचा खेळ म्हणून बाजूला सारतात. पण या गोंडस चित्रांखाली पशुपैदाशीच्या शास्त्रातली एक अतिशय गंभीर कल्पना दडलेली आहे, आणि खेळाने ती गमतीदार पद्धतीने उलटी केली आहे.

तिथल्या प्रत्येक घोड्याजवळ जन्मतः एक आनुवंशिक क्षमता असते. त्याशिवाय एक आकडा असतो, ब्लप. तो उणे १०० पासून १०० पर्यंत कुठेही असू शकतो. आकडा जितका वर, तितकी घोड्याची क्षमता शिंगरात चांगली उतरते. तो वर न्यायचा तर घोडा दहा वर्षांचा व्हावा लागतो, त्याचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं आणि त्याने वीस स्पर्धा जिंकाव्या लागतात. म्हणून मुरलेले खेळाडू घोडा आणि घोडी दोघांचाही ब्लप शंभरावर पोचल्याशिवाय जोडी लावत नाहीत. खेळातले साठ दिवस म्हणजे घोड्याची दहा वर्षं. तेवढा धीर धरायचा.

जीवशास्त्र शिकलेल्या माणसाचे कान इथे टवकारतात. बापाने मैदानं मारली म्हणून पोराच्या अंगात जास्त उतरलं, हे म्हणणं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांच्याशी जोडलेलं आहे. आयुष्यभर वापरून कमावलेले गुण पुढच्या पिढीत जातात, असं त्यांनी १८०९ च्या ग्रंथात मांडलं होतं. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमान यांनी पुढे उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापून पाहिल्या. पाच पिढ्यांतल्या नऊशेवर पिल्लांपैकी एकाचीही शेपूट आखूड निघाली नाही. शेपूट कापणं आणि शेपूट वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा आक्षेप या प्रयोगावर घेता येतो आणि तो रास्त आहे. पण मूळ निष्कर्ष पुढच्या शतकभरात पक्का झाला. घोड्याला रोज पळवलं की त्याचं हृदय मोठं होतं, स्नायू भरतात, हाडं घट्ट होतात; त्याच्या वीर्यातल्या जनुकांचं पान मात्र त्यामुळे नव्याने लिहिलं जात नाही.

मग खेळ रचणाऱ्यांनी हे शास्त्र वाचलंच नव्हतं का? वाचलं असणार. कारण ब्लप हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. ‘बेस्ट लिनियर अनबायस्ड प्रेडिक्शन’ या संख्याशास्त्रीय पद्धतीचं ते आद्याक्षरी नाव आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले चार्ल्स रॉय हेंडरसन यांनी १९५० च्या सुमारास तिचा पाया घातला, तो घोड्यांसाठी नव्हे, दुभत्या गाईंसाठी. प्रश्न असा होता: एका गोठ्यातली गाय दुसऱ्या गोठ्यातल्या गाईपेक्षा जास्त दूध देते, तर त्यातलं किती श्रेय तिच्या बीजाला आणि किती चाऱ्याला, हवेला, मालकाच्या निगराणीला? आणि बैल तर दूध देतच नाही. त्याची किंमत कशी करायची?

हेंडरसन यांचं उत्तर समजायला एक काल्पनिक घोडा घेऊ. उडीच्या स्पर्धांत तो सरासरीपेक्षा २० गुणांनी सरस आहे. या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे घोड्याघोड्यांतल्या फरकाचा जनुकांमुळे असलेला वाटा, २५ टक्के धरू. तर त्याच्या वीस गुणांपैकी फक्त पाच त्याच्या बीजाच्या खात्यावर टाकायचे. बाकीचे पंधरा स्वार, प्रशिक्षक, खुराक आणि नशीब यांच्या नावावर. शिंगराला बापाकडून निम्मीच जनुकं मिळतात, त्यामुळे घोडी सरासरी असेल तर शिंगराकडून अपेक्षा अडीच गुणांची. वीस गुणांच्या बापाला अडीच गुणांचं पोर. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता या घोड्याची शिंगरं वेगवेगळ्या घोड्यांपासून झाली आणि तीही स्पर्धांत उतरली, की हिशेब बदलतो. एकट्या बापाच्या कामगिरीवरून बांधलेल्या अंदाजाची विश्वासार्हता आपल्या उदाहरणात ०.२५ आहे. पंधरा शिंगरांची कामगिरी हाती आली की केवळ तिच्या आधारे ती ०.५ होते, पन्नास शिंगरांनंतर ०.७७. भाऊ, बहिणी, मावश्या, आजे यांचीही माहिती त्यात मिसळता येते. कुठल्या घोड्याला कुठल्या दर्जाच्या घोड्या मिळाल्या, हेही पद्धत लक्षात घेते. नाहीतर नामांकित घोड्याच्या पदरी मुळातच उत्तम घोड्या पडतात आणि त्यांच्या पुण्याईचं श्रेयही तोच लाटतो.

फ्रान्समध्ये उडीच्या स्पर्धांतल्या घोड्यांसाठी दोन वेगळे निर्देशांक छापतात. एक घोड्याने त्या वर्षी मैदानावर प्रत्यक्ष काय केलं त्याचा. दुसरा ब्लपने काढलेला, त्याच्या बीजाचा. या दुसऱ्या आकड्याशेजारी कंसात आणखी एक अपूर्णांक असतो, शून्य ते एकमधला. अंदाज कितपत खात्रीचा आहे, ते तो सांगतो. अनुभवी पैदासकार आधी कंसात बघतो.

हाऊर्समध्ये हे दोन निर्देशांक एकात कालवले गेले आणि कंस गळाला. खऱ्या जगात सराव केला, स्पर्धा जिंकल्या तर ब्लप वर जाऊ शकतो हे खरं आहे. पण तेव्हा बदलतं ते आपलं ज्ञान. घोडा जनुकांनी होता तसाच राहतो. खेळात आकडा वाढला की खुद्द घोडाच बदलतो आणि त्याचं शिंगरू खरोखर सरस निघतं. अंदाजाला गुणधर्म बनवायचं, एवढी एकच गोष्ट केली आणि लामार्क परत आले.

तरी खेळाची एक अट मला फार खरी वाटते, दहा वर्षांची. समजा घोडा तीन-चार वर्षांचा असताना घोडी भरवली. शिंगरू झालं तेव्हा घोडा पाचाच्या घरात. ते शिंगरू चार-पाच वर्षांचं होऊन उडीच्या मैदानात उतरेपर्यंत बाप नऊ-दहा वर्षांचा झालेला असतो. त्याच्या बीजाबद्दल भरवशाने बोलता येतं ते तेव्हाच. खेळाने कारण चुकीचं दिलं, वय बरोबर दिलं.

हा गोंधळ फक्त पडद्यावर होत नाही. एडिंबरा विद्यापीठातले अलेस्टर विल्सन आणि अँड्र्यू रॅम्बॉ यांनी २००८ साली शर्यतीच्या घोड्यांच्या कमाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यभराच्या कमाईतल्या फरकांपैकी सुमारे दहा टक्केच जनुकांशी जोडता आले. आणि घोडी भरवण्यासाठी मालक जी फी घेतात, ती फी त्या घोड्याच्या बीजाची चांगली खूण नाही, असंही दिसलं. जास्त पैसे मोजणारा मालक शिंगराला उत्तम प्रशिक्षक, उत्तम तबेला आणि उत्तम जॉकीही देतो. शिंगरू जिंकतं, आणि कौतुक वंशाचं होतं.

सेक्रेटॅरिएट या घोड्याचंच बघा. १९७३ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. शेवटची तब्बल ३१ घोडालांबीने. त्या वर्षीचा हंगाम गाजण्याआधीच त्याच्या पैदाशीचे हक्क साठ लाख डॉलरांवर विकले गेले होते. त्याची अवलाद वाईट नव्हती. लेडीज सीक्रेट आणि रिझन स्टार ही त्याचीच. पण बापाच्या तोडीचं एकही निघालं नाही. त्याचं नाव खरं राखलं मुलींनी: स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे पुढे पैदाशीत गाजलेले घोडे त्याच्या लेकींच्या पोटचे. हाऊर्समध्ये असला घोडा वयाची, प्रशिक्षणाची आणि विजयांची अट पुरी होताच शंभर ब्लपचा ठरला असता.

जोडी कितीही विचारपूर्वक लावली तरी पासे पडतातच. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक, असं निवडत गेलं तरी एका घोड्याला ४२९ कोटींहून जास्त प्रकारची बीजं तयार करता येतात, आणि घोडीलाही तितकीच. गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ते वेगळंच. म्हणून एकाच आईबापाची दोन शिंगरं, एक मैदान गाजवणारं आणि दुसरं टांग्यालाही न चालणारं, असू शकतात. २००९ मध्ये घोड्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला. ज्या घोडीचा तो वाचला ती ट्वायलाइट, हेंडरसन यांच्याच कॉर्नेल विद्यापीठातली. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकातला एक फरक शोधला. त्याचा एक प्रकार दोन्ही प्रतींत असेल तर घोडा आखूड शर्यतीत चमकतो, दुसरा दोन्हींत असेल तर लांब पल्ल्यात, एकेक असेल तर मधल्या अंतरात. ही माहिती शिंगराच्या रक्ताच्या थेंबावरून मिळते, दहा वर्षं थांबावं लागत नाही. मात्र ती अंतराबद्दल सांगते. घोडा जिंकेल की नाही, हे एका जनुकाच्या आवाक्यातलं काम नाही.

खेळातली आणखी एक सोय खऱ्या पैदासकाराला नाही. तिथे आनुवंशिक क्षमता पिढीमागून पिढी वाढतच जाते. इकडे सेक्रेटॅरिएटने १९७३ मध्ये त्या तिन्ही शर्यतींत लावलेल्या वेळा अजून मोडलेल्या नाहीत. कारणांवर शास्त्रज्ञांत वाद आहे. ब्रिटनमधल्या आखूड शर्यतींचा वेग अलीकडच्या दशकांतही वाढला आहे, असं दाखवणारा अभ्यास आहे. त्यामुळे घोडा आता शरीराच्या मर्यादेला टेकला, असं सरसकट म्हणणं घाईचं ठरेल. मात्र मूळ भांडवल मर्यादित आहे, यात शंका नाही. डब्लिनच्या पॅट्रिक कनिंगहॅम यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की आजच्या थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या जनुकसाठ्यातला ७८ टक्के भाग अवघ्या तीस पूर्वजांकडून आला आहे, आणि बापाकडून बापाकडे मागे जात राहिलं तर ९५ टक्के घोडे डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापाशी पोचतात. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे घोडेही याच गोतावळ्यातले. थरोब्रेडच्या नोंदवहीत कृत्रिम रेतनाची संतती घेतच नाहीत, म्हणून आपल्याकडच्या स्टड फार्मना परदेशी बीज हवं असेल तर अख्खा घोडा आणावा लागतो, नाहीतर गाभण घोडी.

आकड्यांच्या आणि बक्षिसांच्या मागे लागून केलेली निवड कुठे नेते, ते अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीने भोगलं. १९६९ मध्ये जन्मलेला इम्प्रेसिव्ह हा घोडा नावाप्रमाणेच देखणा, पिळदार स्नायूंचा. देखणेपणाच्या स्पर्धांत त्याची अवलाद बक्षिसं घेत सुटली आणि त्याच्याकडे घोड्यांची रांग लागली. पुढे त्याच्या वंशात अंग थरथरणं, स्नायू आखडणं, कोसळणं असे झटके दिसू लागले. १९९२ मध्ये कारण सापडलं: स्नायूतल्या सोडियमच्या वाटेचं एक बिघडलेलं जनुक. ते प्रबळ असल्यामुळे एक प्रत मिळाली तरी आजार. परीक्षकांना आवडणारे ते भरदार स्नायू आणि हा आजार एकाच वंशातून हातात हात घालून पसरत होते. ज्यांच्यात बिघडलेल्या दोन्ही प्रती आहेत अशा, २००७ पासून जन्मलेल्या शिंगरांची नोंद त्या जातीच्या संघटनेने बंद केली. एकच प्रत असलेल्यांना दार उघडंच राहिलं.

खरा ब्लप घेऊन कुणी खेळ काढलाच, तर त्यात खेळाडूला घोड्याचं बीज कधीच दिसू नये. दिसावा फक्त अंदाज आणि शेजारच्या कंसातला अपूर्णांक. तरण्या घोड्याच्या कंसात ०.२५ असेल, म्हाताऱ्या घोड्याच्या कंसात ०.८, आणि तरण्याचा अंदाज थोडा वरचा. घोडी एकच, वर्षाला शिंगरू एकच. तरणा घ्यावा की म्हातारा, यावर फ्रान्समधले पैदासकार दरवर्षी वसंतात, घोड्या भरवायच्या मोसमात, डोकं खाजवतात. खेळाडूंना मात्र इथे साठ दिवस घालवूनही पक्कं उत्तर मिळणार नाही, आणि माझा अंदाज असा, की निम्मे तिसऱ्या दिवशीच हाऊर्सकडे परत जातील.