काळी वाळू आणि पांढऱ्या पेशी

केरळात कोल्लमच्या उत्तरेला नींदकरा, चवरा या गावांच्या किनाऱ्यावर वाळू जागोजागी काळपट दिसते. तिच्यात मोनाझाइट हे खनिज आहे आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे खडक झिजले, नद्यांनी त्यांचे कण समुद्रात नेले. लाटांनी हलके कण मागे ओढले आणि जड कण किनाऱ्यावर सोडले. त्या कणांमधून गॅमा किरण सतत बाहेर पडतात. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. इथे करुनागपल्ली तालुक्यात काही ठिकाणी घराबाहेरची मात्रा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जाते (गॅमा किरणांपुरती ही दोन्ही एककं सारखीच धरायला हरकत नाही).

आणि तरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, मासेमारी करतात. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने तिथल्या सुमारे ७० हजार प्रौढांची सरासरी दहा वर्षं नोंद ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

मग किरण शरीरात शिरल्यावर होतं तरी काय? हे विचारायचं तर लिंफोसाइटला विचारावं. रोगजंतू ओळखणारी, प्रतिपिंडं तयार करणारी ही पांढरी पेशी किरणांपुढे विलक्षण हळवी आहे. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना किरण अधिक बाधतात, असा नियम बर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ साली मांडला. लिंफोसाइट रक्तात निवांत फिरत असते, विभागत नसते, आणि तरीही मोठ्या मात्रेला सगळ्यांत आधी बळी पडते. डीएनए फार तुटला की ती स्वतःच स्वतःला संपवते. मला यात मोठं शहाणपण दिसतं, कारण जंतू भेटला की याच एका पेशीपासून हजारो पेशी तयार व्हायच्या असतात, आणि तिच्यातला बिघाड त्या सगळ्यांत उतरला असता. तिची ही सवय इतकी भरवशाची आहे की अणुअपघातात सापडलेल्या माणसाला किती मात्रा मिळाली, याचा अंदाज डॉक्टर पहिल्या एकदोन दिवसांत घटलेल्या लिंफोसाइट्सवरून बांधतात.

पण मात्रा अगदी लहान असेल तर? १९८४ साली कॅलिफोर्नियात शेल्डन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी लिंफोसाइट्सना आधी ट्रिटियमयुक्त थायमिडीन या किरणोत्सारी रसायनातून किंचित किरणोत्सर्ग दिला आणि नंतर १.५ ग्रे क्ष-किरणांचा जबर मारा केला. दोन्ही इजांची बेरीज व्हायला हवी होती. गुणसूत्रं त्या हिशेबापेक्षा कमी तुटली! पहिल्या चाहुलीनेच पेशीने दुरुस्तीची तयारी करून ठेवली होती. प्रत्येकाच्या रक्तात हा गुण दिसत नाही, आणि ही तयारी फार काळ टिकतही नाही.

आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केरळच्या त्या किनाऱ्यावरच्या रहिवाशांचं रक्त तपासलं. त्यांच्या पांढऱ्या पेशींत डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, आणि डीएनए दुरुस्तीशी संबंधित जनुकं अधिक कार्यरत आढळली. प्रयोगशाळेतल्या काचेत दिसलेल्या तयारीसारखंच काही तिथल्या माणसांच्या रक्तातही चालू असावं, या विचाराने मी थक्क होतो.

याहून अद्भुत गोष्ट जर्मनीत रोज घडते. टाचदुखी आणि सांधेदुखीच्या रुग्णांना तिथे एका वेळी ०.५ ते १ ग्रे क्ष-किरण, असे काही वेळा देतात. केरळच्या वर्षभराच्या मात्रेच्या तुलनेत हे कितीतरी जास्त आहे, कर्करोगाच्या उपचाराच्या तुलनेत मात्र फार थोडं. मोठ्या मात्रेत जे किरण दाह पेटवतात, तेच इथे दाह शमवतात. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कमी चिकटतात, मॅक्रोफेज पेशी नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतात आणि बऱ्याच जणांचं दुखणं उतरतं. किरण तेच, पेशी त्याच. मात्रा बदलली की उत्तर उलटं.

पण म्हणून किरण सरसकट औषधी ठरत नाहीत. कोविडच्या साथीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसांना १ ग्रे देऊन स्वित्झर्लंडमध्ये चाचणी झाली. फायदा दिसला नाही. हिरोशिमा-नागासाकीत मोठी मात्रा मिळालेल्यांच्या रक्तात कित्येक दशकांनंतरही काही टी-पेशी (लिंफोसाइट्सचाच एक प्रकार) कमी आणि दाहाच्या खुणा जास्त आढळल्या, म्हणजे त्यांची प्रतिकारयंत्रणा अकाली म्हातारी झाली होती. पेशीची तयारी पाहून मी कितीही हरखलो, तरी किरण अंगावर घ्यावेत असं त्यातून निघत नाही.

डॉक्टरांनी गरज पाहून लिहून दिलेला छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन भीतीपोटी टाळू नका. पण ‘एकदा सगळं बघून घेऊ’ म्हणून स्वतःच्या मनाने सीटी करून घ्यायला जाऊ नका.