मातामृत्यूची चिकित्सा

प्रसूतीनंतर एखादी स्त्री दगावली, की दप्तरात ‘अतिरक्तस्राव’ अशी नोंद होते व प्रकरण मिटते. परंतु अतिरक्तस्राव हे केवळ शरीरातील कारण झाले. तो वेळीच का थांबविता आला नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि मातामृत्यूच्या चिकित्सेचा आरंभ तेथूनच होतो.

मद्रास शहराला, म्हणजेच आजच्या चेन्नईला, हा विचार नवा नाही. तेथील विख्यात प्रसूतितज्ज्ञ डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी शहरातील मातामृत्यूंच्या कारणांचे अन्वेषण करून १९३३ साली अहवाल सादर केला होता. इंग्लंड व वेल्समध्ये अशी गोपनीय चौकशी १९५२ पासून नियमितपणे होऊ लागली. तामिळनाडू राज्याने १९९४ मध्ये हे कार्य हाती घेतले, तर अखिल भारतासाठी मार्गदर्शक नियम २०१० मध्ये निघाले.

गर्भारपणात, अथवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भावस्थेशी निगडित कारणाने आलेला मृत्यू तो मातामृत्यू होय. असा मृत्यू घडला, की रुग्णालयातील कागदपत्रे तपासली जातात. आरोग्यसेवक मृत स्त्रीच्या घरी जाऊन आप्तांकडून सारी हकीकत ऐकून घेतात. विलंब कोठे झाला, हे त्यातून उमगते. धोका ओळखून घर सोडण्यास उशीर झाला काय? वाहन मिळाले नाही काय? की रुग्णालयाच्या दारी पोचूनही रक्त वा शल्यवैद्य उपलब्ध नव्हता? पहिल्या विलंबावर उपाय लोकशिक्षणाचा, दुसऱ्यावर वाहनाचा, तर तिसऱ्यावर रक्तसाठ्याचा व सदैव सज्ज कर्मचाऱ्यांचा. मूळची पंडुरोगी स्त्री थोडाही रक्तस्राव सोसू शकत नाही; तेव्हा तिच्या बाबतीतील चूक कित्येक महिने आधीच, गर्भारपणातील तपासणीच्या वेळी, घडलेली असते.

ही चौकशी दंड करण्यासाठी नव्हे. शिक्षेचे भय असेल तेथे कागद कोरे राहतात व सत्य लपते. म्हणूनच नावे गुप्त राखण्याचा दंडक आहे.

तामिळनाडूत दर लाख जिवंत जन्मांमागे २००१–०३ या काळात १३४ माता मृत्यू पावत. २०१८–२० मध्ये हे प्रमाण ५४ वर आले. याचे श्रेय एकट्या चिकित्सेला देता येणार नाही. अहोरात्र चालणारी प्रसूतिकेंद्रे, रक्तसाठे व रुग्णवाहिका यांचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु ही साधने कोठे अपुरी पडतात, हे चिकित्सेवाचून कळत नाही. गेलेली माता परत येत नाही. तिच्या मृत्यूचे कारण नीट जाणून घेतले, तर तिच्यामागून येणारी दुसरी वाचू शकते.